मिटलेली क्लिप

जळगावच्या पोटाच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोन अनोळखी बाया बोलत होत्या, एक तरुण, एक म्हातारी.

“सासऱ्यांना रक्ताच्या उलट्या झाल्या, अक्का. दुर्बीण घालून आतल्या जखमेला चिमट्यासारखी धातूची क्लिप लावली.”

“आमच्या यांनाही लावली होती. रक्त लगेच थांबलं.”

“जखम भरली की आपोआप पडते म्हणे.”

“त्याआधीच हे गेले, पोळ्याच्या दिवशी, झोपेत. राख सावडताना क्लिप सापडली. बठ्ठं जळालं, पण तिचे दात मिटलेलेच.”

“तापीत नाही सोडली?”

“कशी सोडू? रोज सपनात येतात, पोट धरून. म्हणतात, अजून चावतेय.”

“मग आज इथं?”

“डॉक्टरांनी लावली, त्यांनीच उघडावी. ही बघ, पदराला बांधलीय. हात नको लावू, माय. अजून गरम आहे.”