हॉलमधली अंथरुणं

उदगीर-लातूर बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक म्हातारं जोडपं होतं. दोघांच्या मांडीवर नव्या घराचा नकाशा पसरलेला.

“हॉलमध्ये किती अंथरुणं पडतील ओ?”

“इंजिनिअरनं फूट लिहिलेत. अंथरुणं न्हाई.”

“मग मी मोजते. हितं सोफा, हितं टीव्ही. चार पडतात, तेबी पाय दुमडून.”

“तीन बेडरूम कशाला काढल्यात मग?”

“तिथं दारं लावून झोपतेत. जुन्या घरात उन्हाळ्यात पोरीबाळी, नणंदा धरून चौदा पडायची. सगळ्या हसत बसायच्या अन् तुम्ही वरडायचे, झोपा गं आता!”

“लई कालवा करायच्या.”

“आता हाय की शांत.”

“आता कोण ऱ्हातंय? लेक महानंदाबी सकाळी येती, संध्याकाळच्या गाडीनं जाती.”

“जुनं घर पाडलं तवापासून जाती. भाड्याच्या खोलीत तिला अंथरायला जागा कुठं हाय?”

नळेगाव आलं. आजोबा मागं वळले.

“बाई, पेन हाय का?”

मी दिलं. त्यांनी हॉल आणि बेडरूममधली भिंत खोडली. मग सोफाही खोडला.

“आता मोज.”

“तेरा. एक कमी पडतंय.”

“माझं बाहेर ओसरीत टाक. हसू दे त्यांना.”