चौथ्यांदा निम्मी

डॉक्टरांच्या दाराबाहेर, माझ्या शेजारच्या बाकावर गणिताचे निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको.

“अंक फक्त एक आणि दोन. जितके अंक, तितक्या वेळा संख्या निम्मी व्हायला हवी, अर्धा उरता कामा नये. दोन, बारा, एकशे बारा...”

“वर्गात रोज सांगायचात. पुढची?”

“एक हजार एकशे बारा! कर चार वेळा निम्मी.”

“पाचशे छप्पन्न. दोनशे अठ्ठ्याहत्तर. एकशे एकोणचाळीस...”

“आणि चौथ्यांदा?”

“एकोणसत्तर आणि...”

“अगं, बोल की! होते ना?”

“होते हो.”

“बघ! डोकं शाबूत आहे माझं. उगाच आणलंस. चल घरी.”

“बसा जरा. मला दाखवायचंय.”

“तुला काय झालंय?”

“झोप लागत नाही.”