थराची वरची बाजू

दादा : बंद करा म्हणजे काय, अरे? खाणीची विहीर आहे ही, दुकान नव्हे फळ्या लावायला. खाली माझी सहा माणसं खणतायत. त्यांना काय सांगू, माझ्या धाकट्या भावाला शिंपले सापडले, म्हणून कोळसा नाही?

धाकटा : अगदी तेच सांग, दादा.

दादा : गावात तुला शिंपल्या म्हणतात ते उगाच नाही.

धाकटा : म्हणू देत. कालव्याच्या मोजणीवर होतो तेव्हा आख्खा डोंगर उभा कापलेला बघितलाय मी. वर कोळसा, त्याच्याखाली वाळूचा दगड, आणि त्याच्याही खाली हे असले पंख्यासारखे शिंपले. जिथे जिथे कापलं तिथे हाच क्रम. आज तुझ्या विहिरीतून हेच शिंपले वर आलेत. म्हणजे कोळशाची जागा आपण कधीच मागे टाकली. इथे तो असलाच तर आपल्या डोक्यावर होता. झिजून, वाहून गेला कधीचा.

दादा : डोक्यावर! मग आता आभाळात खणू?

वहिनी : अहो, हळू. रहाटावरची माणसं ऐकतायत.

दादा : ऐकू देत. काळी माती लागली त्या दिवशी हा इथेच होता ना? तेव्हा का नाही बोलला?

धाकटा : बोललो होतो. काळं दिसतं ते सगळं कोळसा नसतं, असं म्हणालो होतो.

दादा : पुटपुटला होतास. म्हणाला नव्हतास.

वहिनी : भावजी, मला एक सरळ सांगा. खालचं जुनं आणि वरचं नवं, हे ठरवलं कुणी?

धाकटा : ठरवायचं काय त्यात, वहिनी? पाण्यात गाळ बसतो. आधीचा तळाला, नंतरचा त्याच्यावर. तळ झाला नसेल तर वरचा बसणार कशावर?

वहिनी : म्हणजे आपल्या कपड्यांच्या पेटीसारखं. आधी ठेवले ते तळाला.

दादा : आणि पेटीच उपडी केली तर?

वहिनी : एवढे थर कोण उपडे करणार?

दादा : यालाच विचार. काय रे, टेकडीपलीकडे तूच मला ओढत नेलं होतंस. तिथले थर भिंतीसारखे उभे. तूच म्हणालास, दादा, हे बसले तेव्हा आडवेच होते, मागाहून ढकलले गेलेत. उभे होतात, तर उपडेही होतील की. मग तुझे शिंपले वर आणि कोळसा त्यांच्याखाली!

धाकटा : होऊ शकतं.

दादा : काय?

धाकटा : तू बरोबर असू शकतोस. तेच मला छळतंय. विद्यापीठातल्या मोठ्या लोकांना विचारायला गेलो, तर म्हणे सगळे थर एकाच महापुरात बसले, त्यात कसलं आधी आणि कसलं नंतर! त्यांनी मला दारातूनच वाटेला लावलं. आता दगडालाच विचारायला हवं.

दादा : मग विचार. ही फरशी सकाळीच निघाली. हिच्या एका अंगावर लाटा उमटल्यात.

धाकटा : अरे देवा! ही आधी का नाही दाखवलीस? नदीकाठी उथळ पाण्याखालच्या वाळूवर वळ्या पडतात बघ. त्यांच्या कडा वर बारीक निघतात आणि मधल्या दऱ्या गोल होतात. आज पडतात तशाच तेव्हाही पडल्या. पाणी काय तेव्हा वेगळं होतं? कडा आभाळाकडे असल्या तर थर सुलटा. जमिनीकडे असल्या तर उपडा.

दादा : मग झालं की! खडू बघ. दगड सुटण्याआधी त्याच्या वरच्या अंगाला खडू ओढायचा, ही आमची रीतच आहे. इथे खडू कुठे आहे? सपाट अंगाला! म्हणजे कडा खाली होत्या. उपडाच आहे थर!

धाकटा : खडू कुणी ओढला?

दादा : मी.

धाकटा : कुठे? खाली?

दादा : खाली पाणी चढतंय रे, पोरांना खडूबिडू कुठला सुचायला! बादलीतून निघाली तेव्हा ओढला.

धाकटा : बादलीत ती किती वेळा फिरली असेल!

दादा : कळतं मला. मुकादम मी आहे.

धाकटा : तिच्या शेजारचा दगड अजून जागेवर असेल ना? तो बघू.

दादा : मी उतरतो.

धाकटा : तू नको. तुला हवं तेच दिसेल.

दादा : आणि तुला नाही दिसणार?

धाकटा : मला दोन्ही हवंय, दादा. माझं म्हणणंही खरं निघावं, आणि तूही इथे राहावंस. म्हणून मी जातो.

दादा : थांब मग. दोर बघून येतो.

वहिनी : भावजी, ते तिकडे आहेत तोवर ऐका. थर उपडा आहे म्हणून सांगा.

धाकटा : वहिनी!

वहिनी : ही विहीर बंद झाली की यांना परत त्या लांबच्या खाणीवर जावं लागणार. इतक्या वर्षांनी माणूस घरी आलाय. पोरगी आता कुठे त्यांच्या ताटात जेवायला लागलीय. चार महिने तरी मिळू देत आम्हाला.

धाकटा : आणि खाली पाणी चढतंय ते?

वहिनी : माझा भाऊ आहे त्या सहांत. मला नका सांगू पाण्याचं. वाटलं ते बोलले. बोलल्याशिवाय राहवेना. आता तुम्हाला काय करायचं ते करा.

दादा : चल रे! पाय बादलीत घाल, दोर सोडू नकोस.

(धाकट्याला रहाटाने विहिरीत सोडतात. यापुढे त्याचा आवाज खालून येतो.)

दादा : पोचलास का?

धाकटा : पोचलो! पाणी मांडीला लागतंय! कंदील विझला!

दादा : दुसरा सोडतो!

धाकटा : नको, बोटांनी कळतं! हां, सापडला. वळ्या आहेत!

दादा : कशा आहेत?

वहिनी : अहो, कडांचं विचारा.

दादा : अरे, कशा आहेत? कडा वर की खाली?

धाकटा : थांब! परत एकदा हात फिरवतो!

वहिनी : किती वेळ लावतायत भावजी!

धाकटा : दादा, कडा बोटांना टोचतायत. वरच आहेत. थर सुलटा आहे.

दादा : नीट बघ!

धाकटा : नीटच बघितलं रे! दुसऱ्यांदा तर खोटं बोलता येईल का म्हणूनच हात फिरवला. नाही आलं. कितीही खोल गेलास तरी इथे कोळसा नाही!

वहिनी : अहो, काय करायचं ते सांगा. भावजी खाली वाट बघतायत.

दादा : ऐका रे सगळ्यांनी! खणणं बंद! हत्यारं तिथेच टाका आणि एकेक करून वर या! शिंपल्या, तू शेवटी! आणि पाय घसरू देऊ नकोस!

धाकटा : बरं!

दादा : लोकांना काय तोंड दाखवू मी?

वहिनी : आहे तेच दाखवा. सगळे धडधाकट वर आले म्हणजे झालं.

दादा : पुढच्या आठवड्यात निघायला लागेल मला.

वहिनी : माहीत आहे.

दादा : पोरीला तू जरा समजावून सांग.

वहिनी : नाही. मागच्या वेळी तुम्ही ती झोपेत असताना निघालात, आणि उठल्यावर मी सांगितलं. या वेळी तुम्ही सांगा.