ठेचा खाणारा गोरा

माझं नाव तोमास. गाव स्पेनच्या दक्षिणेला, चहूकडे जैतुनाच्या बागा, आणि बाप न्हावी. आता तुम्ही म्हणाल, हा माणूस मराठी कसं काय बोलून राहिला, तर ताई, ते सगळं सासूबाईंचं. त्या नागपूरच्या, आमच्याकडे इथे अमेरिकेत, चँडलरला राहायला आल्या, त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला मराठी येत नव्हतं, बायको ऑफिसात, मला तेव्हा नोकरी नव्हती, दिवसभर घरात आम्ही दोघंच, मग कोणीतरी शिकायला पाहिजेच होतं ना, मी शिकलो.

तर बाप न्हावी. दुकानात मी गिऱ्हाइकांच्या नकला करायचो, पाद्र्याची, पोस्टमनची. गावात फिरती नाटक कंपनी आली, मालक दाढीला बसला होता, त्याने मला पाहिलं आणि बापाला म्हणाला, हा पोरगा मला द्या. बाप म्हणाला, घेऊन जा, इथे नुसती गिऱ्हाइकं पळवतो. असा मी नट झालो. पोलीस केला, चोर केला, सासरा केला, बाप तर किती वेळा केला. केस पिकायला लागेपर्यंत लोकांना हसवलं. आणि काय सांगू तुम्हाला, हसवणं म्हणजे घसरून पडणं नाही. मालक म्हणायचा, तू हसवायला जाऊ नको, तुला जेवायचं आहे ना, मग तू फक्त जेव.

वैशाली, म्हणजे माझी बायको, कंपनीच्या कामाने माद्रिदला आली होती. पहिल्या रांगेत बसली, आणि सगळे हसून झाले की मग ही हसायची, कारण शेजारची मैत्रीण हिला अर्थ सांगायची. मी त्या उशिराच्या हसण्यासाठी थांबायला लागलो, सगळ्या नाटकाची लय बिघडली. मग लग्न, मग ईरा झाली, मग वैशालीला इथे ॲरिझोनात कॉम्प्युटर चिपच्या कंपनीत जॉब. इथल्या स्पॅनिश नाटकवाल्यांकडे गेलो तर ते सगळे मेक्सिकोचे, म्हणाले, तुमचं बोलणं आमच्या लोकांना परकं वाटेल. आता बोला. शाळेत स्पॅनिश शिकवायला लागलो.

राहिलं आपलं मराठी मंडळ. तिथे मी जावईबापू. बसायला पुढची खुर्ची, हातात मानाचा नारळ, पण काम म्हणाल तर दिवाळीच्या प्रत्येक नाटकात एकच, गोरा पाहुणा. लग्नघरात गोरा येतो, त्याला ठेचा देतात, तो नाचतो, पाणी पाणी ओरडतो, संपलं. नाटक बदलायचं, गोरा तोच. मी मंदारला म्हटलं, तो आमचा डायरेक्टर, अरे मला मुलीच्या बापाचं काम दे ना, मी ते केलं आहे. तो म्हणाला, बाप डॉक्टरकाका करतात, आणि तुमचं ते नाचणं हिट आहे यार. डॉक्टरकाका हार्टचे रिटायर्ड डॉक्टर, माणूस सोन्यासारखा, पण स्टेजवर खांब. आणि ठेचा म्हणून मला देतात काय, तर पुदिन्याची चटणी. माझ्या सासूबाईंनी मला खऱ्या ठेच्यावर वाढवलं, आणि मी चटणी खाऊन नाचायचं? काहून नाचू मी?

यंदाच्या दिवाळीला मी घरून ठेचा नेला, सासूबाईंच्या हातचा. डॉक्टरकाकांनी पुढे ताट ठेवलं, मी ठेचा घेतला, भाकरी मोडली, आणि जेवायला बसलो. नुसता जेवत राहिलो. लोक नाचण्याची वाट बघून राहिले. विंगेतून प्रॉम्प्टर ओरडून राहिली, पाणी आणा, पाहुण्याला तिखट लागलं. डॉक्टरकाकांना पाठ तेवढंच वाक्य, ते म्हणाले, पाणी आणा, पाहुण्याला तिखट लागलं. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, मीठ कमी आहे. प्रॉम्प्टरने पुन्हा तेच सांगितलं, काकांनी पुन्हा तेच म्हटलं, मी दुसरी भाकरी मागितली. आधी सासूबाई हसल्या, मग सगळा हॉल, लोक डोळे पुसून राहिले होते. किती वर्षांनी मी ते हसू ऐकलं ताई, माझ्या रंगावर नाही, माझ्या कामावर आलेलं. मला रडू येत होतं आणि तोंडात घास होता.

बाहेर आलो तर एक काकू म्हणतात, तुमचं मराठी किती क्यूट आहे हो. झालं.

परवा कमिटी घरी आली, मंदार आणि दोघं. मला वाटलं रागावतील. तर म्हणतात, सुपरहिट होतं, पुढच्या वर्षी पण हेच करा, तिखट न लागणारा गोरा. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, गोरा नाही, बाप. ते एकमेकांकडे बघायला लागले. मंदार चाचरत म्हणाला, तसं नाही हो, पण मराठी मुलीचा बाप म्हणून तुम्ही शोभणार कसे?

तेवढ्यात ईरा आली, सॉकर खेळून, चिखलाचे बूट घेऊन थेट कार्पेटवर. मी ओरडलो, आधी पाय धू, आजीने आत्ताच दिवा लावला आहे. ती म्हणाली, सॉरी बाबा, आणि बूट काढून आत गेली.

वैशालीने चहा आणला, तो पिऊन ते निघाले. अजून मंदारचा फोन नाही. नाही आला तरी त्यांचं भलं होवो. बापाचं काम माझं सुरूच आहे.