शाल होईपर्यंत वाचा!

नाही, मला एक सांगा, विणणार ही आणि घसा बसणार माझा, हा कुठला न्याय? बायकोला छंद असावा, जरूर असावा, पण तुम्हाला सांगतो, एका वेळी एकच असावा! हिला दोन. विणायचं आणि वाचायचं. साधं विणकाम असलं की पुस्तक मांडीवर उघडं, हात आपले चाललेत, आणि तोंडावर अशी तृप्ती की चहा मागायचीही आपल्याला चोरी! पण यंदा हिनं काढली जाळीची शाल. लेकीला दिवस गेलेत ना, येणाऱ्या बाळासाठी. आता जाळी म्हणजे काय, तर मुद्दाम भोकं पाडायची, तीही मोजून! दोरा पुढे, दोन टाके एकत्र, पुन्हा दोरा पुढे... नजर हलली की नक्षी बिघडली, बसा उसवत. म्हणजे पुस्तक बंद. आणि पुस्तक बंद म्हणजे ही कासावीस. मग एका संध्याकाळी माझ्या हातात कादंबरी कोंबून म्हणते, "तुमचा एवढा चांगला आवाज गावभर फुकट जातो, जरा घरात वापरा. वाचा!"

आवाज कसला डोंबलाचा, मी बसस्टँडवर घोषणा करतो हो! समोरच्या कागदावर आहे ते बोलायचं, जन्मात त्याबाहेर एक अक्षर नाही. केली सुरुवात. "नायिका... खिडकीपाशी... उभी आहे." ही म्हणते, "उभी आहे, की फलाटावर लागली आहे?" बरं, भाव ओतून वाचावं, तर हिचे टाके आवळतात! भांडणाच्या प्रसंगाला शाल चांगली चार बोटं आक्रसली. "अहो, सपाट वाचा, उसवावं लागतंय!" सपाट वाचलं की, "तुमच्या वाचण्यात जीवच नाही." मग वाचू तरी कसं? आणि श्वास घ्यायला थांबावं, तर सुईचं टोक माझ्याकडे... "थांबलात का? वाचा!"

पण खोटं कशाला बोलू, गोडी लागली हो! दिवा लावलेला, सुयांची टिकटिक, हिच्या मांडीवर पांढरीशुभ्र शाल बोटबोट वाढतेय, आणि मी वाचतोय... असं सुख मला कुणी आधी का सांगितलं नाही? स्टँडवर मन लागेना. शेवटी पुस्तक पिशवीत घालून कामावर नेलं, दोन घोषणांच्या मधे पुढचं वाचलं, आणि तिथंच घात झाला! नायिका बाळंतपणात जाते. हो! जाते! आता आली का पंचाईत? लेक तिकडे लांब, डॉक्टरनं तिला झोपून राहायला सांगितलेलं, फोन वाजला की ही सुया टाकून धावते, आणि हिच्यापुढे मी हे वाचू? माझी छाती होईना. पुस्तक लपवावं, तर ही घर डोक्यावर घेईल!

संध्याकाळी बसलो. ते पान आलं. काय करू, काय करू... आणि तुम्हाला सांगतो, जन्मात पहिल्यांदा कागदावर नाही ते बोललो. "आणि... दोघंही सुखरूप होती." सुया थांबल्या! म्हटलं, संपलं, पकडलं. तर ही खाली बघूनच म्हणते, "थांबलात का? वाचा!"

वाचा काय वाचा! एक बाई मेली नाही की पुढचा सगळा घोळ हो! पुढच्या पानावर नवरा रडतोय. का रडतोय? मी म्हटलं, दाढ दुखतेय. गल्लीतली माणसं तोंडं पाडून दारात उभी. मी म्हटलं, नळाला पाणी नाही. तो दुसरं लग्न करायला निघाला, मी त्याची बदली करून टाकली! दिवसभर स्टँडवर बसून नुसता पुढचं रचतोय. परवा तर माईकवर सांगून बसलो, "गाडी सुखरूप आहे, वजनही चांगलं आहे!" साहेब केबिनमधून धावत आले.

आणि मग एका सकाळी फोन आला. नात झाली! दोघी ठणठणीत! हिनं शाल तोंडाला लावली आणि पोटभर रडली हो. मीही रडलो, लाजायचं काय त्यात? म्हटलं, आता मनातलं सांगून टाकावं, तर हीच डोळे पुसत म्हणते, "ते पान मी आधीच चोरून वाचलं होतं. तुमच्या तोंडून ते कसं ऐकणार, म्हणून जीव नुसता टांगणीला लागला होता."

"अगं मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही छापलेलं वाचलं असतं ना!"

घ्या! मी इकडे घाम गाळतोय आणि ही तिकडे ऐकतेय चवीनं! असो. शाल गेली लेकीकडे, म्हटलं सुटलो. तर काल बघतो, ही डबल पलंगाच्या चादरीचे टाके घालून बसलेली, तीही जाळीची! मी म्हटलं, "अगं, पुस्तक संपलं!" तर म्हणते, "ते संपलं, तुमचं कुठे संपलंय? चालू द्या. फक्त पुस्तक तेवढं हातात धरा, नाहीतर खोटं वाटतं!"