पापणी हलली का? नाही हलली

...आणि वर म्हणे आजोबांमुळे संशोधनाचं वाटोळं झालं! अहो, तुम्हाला सांगतो, या वयातसुद्धा माझी नजर अशी आहे, की समोरच्या गच्चीवरचा कावळा तरणा की म्हातारा ते मी खुर्चीतून सांगतो... आता ती वाळत घातलेली काळी छत्री निघाली, ते सोडा.

तर माझी नात. कॉलेजात डोळे तपासायचं शिकते. अख्ख्या वर्गातून संशोधनाची संधी एकाच विद्यार्थ्याला, ती हिला मिळाली. विषय काय, तर मोबाइल बघताना म्हाताऱ्यांच्या पापण्या किती वेळा लवतात! मी म्हटलं, याला संशोधन म्हणतात? मग तुझी आजी इतकी वर्षं माझं संशोधनच करत आलीय की. पण पापण्या मोजतायत हे तपासणीला बसणाऱ्याला कळता कामा नये बरं का, कळलं की माणूस मुद्दाम करतो. मला तरी कुठे सांगितलं होतं? फोनवर मैत्रिणीला सांगत होती, आता माझ्या कानांना काय मोतीबिंदू झालाय?

हिला म्हातारे हवे होते, मी दिले. आमचे शिंपीबुवा, रिटायर हेडमास्तर, सगळा कट्टा उचलून तिच्या कॉलेजात नेला. बाहेर बाकावर बसल्या बसल्या हळूच म्हटलं, "आत पापण्या मोजतायत. ज्याची लवली तो म्हातारा." संपलं! एकेक जण आत जातोय, हनुवटी तपासणीच्या स्टँडवर ठेवतोय, आणि समोरच्या मोबाइलकडे डोळे असे फाडून बसतोय, जसं काही पापणी लवली की बायको पेटीची किल्ली पळवणार. शिंपीबुवांच्या गालांवरून धारा. हेडमास्तरांचे डोळे लालभडक. पण पापणी हलली का? नाही हलली!

तिचे सर बोलतात नाकातून. म्हणाले, "ही माणसं आणलीत की मासे? पुढच्या खेपेला आकडे नीट आले नाहीत, तर ही संधी दुसऱ्याला जाईल." पोरगी घरी येऊन "आजोबांमुळे वाटोळं झालं" म्हणाली, जेवली नाही. मी जेवलो, पण तोंडाला चव नव्हती. दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तेव्हाही नव्हती.

दोन दिवसांनी तीच माझ्याजवळ येऊन बसली. "आजोबा, तुम्हाला म्हणून सांगते, कुणाला बोलू नका. विषय बदललाय. आता मोबाइल बघताना पायाचा अंगठा हलतो का, ते बघायचंय."

मी म्हटलं, "मी आणि बोलतोय होय?"

जिना उतरेपर्यंत दम धरला हो, त्यापुढे माणसानं किती धरावा? दुसऱ्या खेपेला सगळा कट्टा आत गेला तो पाय जमिनीत पुरल्यासारखा. हेडमास्तरांच्या पोटरीत गोळा आला, तोंड वाकडं झालं, पण अंगठा हलला का? नाही हलला! सर मान डोलावतायत, नात गालात हसतेय, आणि मी दारात छाती काढून उभा.

म्हटलं, "बघ, आजोबांनी वाचवली की नाही तुझी संधी?"

म्हणाली, "वाचवलीत ना. पापण्या अगदी हव्या तशा मोजता आल्या. अंगठ्याकडे बघत होतं कोण, आजोबा? तुम्ही सगळ्यांना सांगाल, तेवढीच काय ती मला खात्री हवी होती."