खिंडीच्या तोंडावरचं गाव

लिवून घ्या, माहं नाव देविदास. घरावर टीन ठोकाचं काम करतो मी, मंगरूळपीरपासून शेलूबाजारपर्यंत कोनाले छप्पर टाकाचं असलं का मलेच बलावतेत. पन जन्म झाला तो कवेलूच्या, म्हंजे कौलाच्या घरात, खाल्तं, नाल्याकाठच्या जुन्या गावात. काय सांगू तुमाले, त्या गावात घरापेक्षा लिंबाचे न चिचीचे झाडं जास्त होते. वावधन, म्हंजे हे मोठं वारं हो, वैशाखात येतेच, तवाबी येत होतं, पन डोक्यावरून निंगून जाय. शेंडे हालत, चार कवेलू घसरत, बस.

मंग तिथं तलाव बांधाचं ठरलं न गाव उठलं. सायेबानं नकाशावर बोट ठेवलं न म्हने हा माळ पाहा, सपाट हाये, झाड नायी झुडूप नायी, रस्ता जवळ. आमचे म्हातारे म्हनत होते का सायेब, त्या माळावर आमी ढोरंबी थांबवत नायी, दोन टेकड्यायच्या मधातल्या खिंडीतून तिथं वारं येते. पन म्हाताऱ्यायचं कोन लिवून घेते. माहा प्लाट पयला निंघाला, खिंडीच्या तोंडावरच. टीन मीच ठोकले, खालच्या लाकडी बल्लीले हुकानं आवळून, माह्या घरावर न सबन गल्लीवर.

तिसऱ्या वैशाखात, दुपारी चारेक वाजले असतीन, मी गल्लीतच एका घरावर काम करून राह्यलो होतो. खिंडीकडून धुळीचा खांब उठला, गरगर फिरत. मी शिडीवरून उतरलो न भिताडाले चिपकलो. इंदू, माही बायको, आंगनात होती, कुरड्या वाळू घातल्या होत्या तिनं. ती घरात पळाली नायी, कुरड्या गोळा कराले वाकली. आमच्याच घरचं टीन सुटलं न तिच्या मानेवर आलं. पाच मिनिटाचा खेळ. मी पोचलो तवा वारं थांबलं होतं, कुरड्या तिच्या पदरात होत्या.

तिचा भाऊ रमेश धनजवरून मयतीले आला. चार लोकायत मले म्हने, जावई, दुनियेचे हुक आवळता तुमी, माह्या बहिनीच्या घरचा हुक ढिल्ला काहून ठेवला. मलेबी तेच वाटत होतं. पंचनाम्याले मानूस आला, त्याले म्हनलं सायेब, खाल्तं असं कधी झालं नायी, इथंच काहून होते. तो म्हने वारं का सांगून येते, न कागदावर लिवलं, नैसर्गिक.

तेव्हापासून रमेशचं येनं बंद. पोरीच्या लग्नालेबी मामा आला नायी. मी दर चैतात छपरावर चढून एक एक हुक पाहो, आवळलेला पुन्हा आवळो, लोक हासत. अशे तेरा वर्षं काढले मी, काय सांगू तुमाले, तेरा वर्षं.

मांगच्या उन्हाळ्यात शाळेचं छप्पर गेलं. लोखंडी अँगल, ठेकेदाराचं पक्कं काम, अँगलसकट उचललं न वावरात नेऊन टाकलं. सुट्ट्या होत्या म्हनून लेकरं वाचले. भूगोलाचे गुरुजी तिथं उभे होते, त्यायले इचारलं, इथंच काहून. त्यायनं मले पायानं जमीन दाखवली. म्हने देविदास, हा उघडा खडक तव्यावानी तापते, वरची हवा गरम होऊन वर जाते, मंग खाली जागा भराले दुसरं वारं धावते. एकीकडून समुद्राचं ओलं वारं, दुसरीकडून कोरडं, दोन्ही भिडतेत, न आपल्याइथं तं ते खिंडीत दाबून येते, म्हनून गरगरते. म्हने अमेरिकेत मोठे मोठे मैदानं हायेत, गरम समुद्राचं वारं न थंड कोरडं वारं तिथं मोकळ्यात भिडते, मधात डोंगर नायी, म्हनून मोठे वादळं तिथंच जास्त होतेत. आपलं लहान हाये, पन मानूस माराले पुरते. मी म्हनलं गुरुजी, हुक ढिल्ला असन तं. ते म्हने अँगल उचलते तिथं हुकाचं काय घेऊन बसले तुमी.

दुसऱ्या दिवशी मी धनजची गाडी पकडली. रमेशले सबन सांगतलं. तो म्हने, म्हंजे टीन घट्ट होतं. मी म्हनलं बल्लीसकट उडालं होतं, हुक तसाच लागून होता, त्याच दिवशी पाह्यलं होतं मी, पन माहा माह्यावरच भरवसा नोता. तो म्हने, आता सांगून राह्यले जावई, भाचीचं लगन होऊन गेलं न आता. त्यानं चहा आनला. आमी दोघायनं पेला.

आता गाव हालवाचा अर्ज देला तं आफिसात म्हनतेत, नियमात छपराची मदत बसते, जागा बदलाचं बसत नायी. झाडं लावले, हातभर खाल्तं खडक लागते, वाळून गेले. पोरगी म्हनते बाबा इकडे या. पन गल्लीत पंधरा घरं हायेत, त्यायचे टीन कोन पाहीन. तुमी लिवून राह्यले तं माह्याकडून येवढं लिवा, आमाले त्या वाऱ्यात नेऊन बसवलं. न आता उठा, वैशाख हाये, चार वाजाच्या आत डांबरी रस्त्याले लागा. देव तुमाले सुखानं घरी पोचवो.